सूर धरणाऱ्याचा श्वास

त्या पट्ट्यावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की बाई शास्त्र सांगता सांगता तिरकस बोलायला लागली. पट्टा आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात आला तेव्हा त्याला हार घालणाऱ्यांत मीच पुढे होते. पुण्याला बारा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. गळ्यात 'मापन तंत्रज्ञ, तनुजा स. गुरव' असं ओळखपत्र होतं. पुढची दोन वर्षं पोट दुखतंय म्हणून आलेल्या प्रत्येकाला मी तो पट्टा बांधला. माझ्या वडिलांनाही बांधला, आठवड्यात दोनदा, आणि दोन्ही वेळा त्यांना घरी पाठवून दिलं.

पट्टा म्हणजे काय ते सांगते. पित्ताशय ही उजव्या बरगडीआड, यकृताला खालून चिकटलेली लहानशी पिशवी. तिच्यात पित्त साठतं. पित्ताचा खडा तिच्या तोंडाशी अडकला की पित्त कोंडतं, पिशवी सुजते, आणि वेळेवर काढली नाही तर सडून फुटू शकते. पंचाईत अशी, की खडे कितीतरी लोकांच्या पोटात असतात आणि जन्मभर गप्प बसतात. त्यामुळे सोनोग्राफीत खडा दिसला म्हणजे सूज आहेच असं नाही. सूज ओळखायची डॉक्टरांची जुनी रीत साधी आहे. उजव्या बरगडीखाली बोटं रोवायची आणि पेशंटला सांगायचं, मोठा श्वास घ्या. श्वास आत जाताना श्वासपटल खाली येतं, यकृताला ढकलतं, आणि सुजलेलं पित्ताशय नेमकं बोटांवर येऊन आदळतं. कळ अशी येते की श्वास अर्ध्यातच अडकतो. तो अडकला की डॉक्टरला कळतं.

पट्टा हेच करायचा. पोटावर हवेची गादी असायची. ती ठरावीक जोराने दाबायची आणि दाबता दाबता सोनोग्राफीही करायची. छातीभोवती एक पातळ फीत असायची, ती श्वास मोजायची. श्वास कधी आणि किती अडकला यावरून पडद्यावर शून्य ते दहा असा अंक यायचा. सहाच्या वर गेला तर सरकारी योजनेची मंजुरी मिळायची आणि थिएटरमधलं दुर्बिणीचं यंत्र सुरू व्हायचं. सहाच्या खाली असला तर सर्जनने कपाळ बडवून घेतलं तरी यंत्र ढिम्म. नियम करणारे काही वेडे नव्हते, हेही सांगायला हवं. त्याआधी कुठे कुठे खडा दिसला की काढ पिशवी, असा धडाकाच लागला होता. पट्टा आल्यावर तो थांबला. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा पट्टा बरोबर निघायचा. उरलेले दोघे कोण, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आमचं घर गुरवांचं. सिद्धनाथाच्या देवळात सकाळ-संध्याकाळ सनई-चौघडा वाजवण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे. सनई वाजवायचे माझे चुलते, भाऊकाका, आणि त्यांचं नाव पाच तालुक्यांत. माझे वडील सदाशिव, म्हणजे आबा, सूर धरायचे. मुख्य सनईच्या मागे आणखी एक सनई असते. तिच्यातून एकच स्वर निघतो आणि वाजवणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तो थांबायचा नसतो. त्यासाठी गालांत हवा साठवायची, ती गालांनीच पुढे ढकलत राहायची आणि तेवढ्यात नाकाने श्वासाचा लहानसा घोट ओढून घ्यायचा. आबांनी हे चव्वेचाळीस वर्षं केलं. एका लग्नात त्यांनी सूर धरलेला असताना कुणीतरी कानाशी येऊन त्यांची आई गेल्याचं सांगितलं. वरात मांडवात शिरेपर्यंत सूर हलला नाही. घरात ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात.

लहानपणी मी नगारखान्यात त्यांच्या पायाशी बसायचे. एकदा लाल मुंग्या त्यांच्या पायावर चढल्या. चेहरा तसाच, गाल तसेच, सूर तसाच. फक्त डाव्या पायाचा अंगठा आत वळला आणि वळलेलाच राहिला. मग मी मुंग्या झटकल्या. हे सगळं मी साफ विसरून गेले होते, आणि तिथेच माझं चुकलं.

बुधवारी आबा चालत रुग्णालयात आले.

"पोटात जरा धरल्यावानी झालंय गं," ते म्हणाले.

"काल काय खाल्लंत?"

"पाटलाच्यात वास्तुशांती हुती. पोळीवर तूप जरा सढळ पडलं."

"मधुमेहाची गोळी खाता आणि वर पुरणपोळी? धन्य आहे तुमची." मी पट्टा बांधला. गादी फुगली. "घ्या मोठा श्वास."

त्यांनी घेतला. पडद्यावर अंक आला तीन. खडा दिसत होता, पिशवीची भिंत किंचित जाड होती, पण ती कितीतरी जणांची असते. शेजारी दोन सिस्टर उभ्या होत्या, त्यांच्यासमोर मी म्हणाले, "काही नाही आबा, ॲसिडिटी आहे. तुपावरचा हात आवरा." सिस्टर हसल्या. आबाही हसले आणि सदरा खाली ओढत म्हणाले, "पट्टा म्हंतुय तर आसंल." पट्ट्यावर त्यांचा विश्वास का होता? तर तो त्यांची लेक चालवायची म्हणून. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

शुक्रवारी ते पुन्हा आले. दीड दिवस पोटात अन्न नव्हतं, तोंड उतरलेलं होतं. अंक आला तीन पूर्णांक चार. बाहेर एकोणीस जण रांगेत होते आणि माझा तोल गेला.

"आबा, खरंच दुखतंय का? मग दाबल्यावर काहीच कसं होत नाही तुम्हाला?"

"हुतंय की."

"मग श्वास का अडकत नाही?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. काय विचारतेय ही, असं त्यांच्या तोंडावर होतं. "श्वास कशापायी अडकवायचा?" ते म्हणाले.

सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं. मी ते ऐकलं आणि ॲसिडिटीच्या गोळ्या हातात ठेवून त्यांना घरी पाठवलं.

शनिवारी सकाळी त्यांना हुडहुडी भरली. भाऊकाकांनी रिक्षात घालून आणलं. त्या दिवशी आमच्या सर्जन डॉ. नसीमा मुजावर वॉर्डातच होत्या. तीस वर्षं पोटं बघितलेली बाई, बोलायला फटकळ. त्यांनी आबांच्या बरगडीखाली हात ठेवला आणि माझा हात ओढून तिथे टेकवला. लिंबाएवढा गोळा होता. गादीने दोनदा दाबून पाहिलेला आणि मी एकदाही हात न लावलेला.

"दोन दिवस काय करत होतीस?" त्यांनी विचारलं.

सलाईन लागलं, अँटिबायोटिक सुरू झालं. पण पिशवी काढायलाच हवी होती आणि पुन्हा बांधलेला पट्टा तीनच्या वर जायला तयार नव्हता. मुजावर मॅडमनी मंजुरी देणाऱ्या पडताळणी कक्षाला हाताने तपासल्याची नोंद पाठवली, खाली स्वतःचं नाव आणि तीस वर्षांचा अनुभव लिहिला. अकरा मिनिटांत उत्तर आलं, की मोजणी सहा तासांनी पुन्हा घ्यावी. जिल्ह्याच्या रुग्णालयाला फोन केला. तिथल्या माणसाने आधी अंक विचारला. तीन म्हटल्यावर तो म्हणाला, "मग पाठवताय कशाला?"

"या हाताला काही किंमत आहे की नाही?" मॅडमनी टॅब खाटेवर आपटला. "माझे हात कापून न्या म्हणावं आणि त्या गादीला लावा!"

दुपारी एकच्या सुमाराला आबांचा चेहरा सैल झाला. "आता बरं वाटतंय गं," ते म्हणाले. मला एवढा आनंद झाला की मी पळत पट्टा आणला. अंक दोन पूर्णांक दोन, आणि खाली हिरव्या अक्षरांत 'घरी सोडण्यास हरकत नाही'. मी तो पडदा मुजावर मॅडमना दाखवला. त्यांनी मला व्हरांड्यात ओढलं.

"तनुजा, मधुमेहाच्या माणसाचं असं दुखणं एकाएकी थांबलं की मला धडकी भरते. पिशवी सडायला लागली की तिच्यातल्या नसा मरतात. मग आपण होऊन दुखायचं थांबतं, दाबलं तरच काय ती कळ. संध्याकाळपर्यंत ती फुटेल, आणि मग मला मंजुरी मिळून उपयोग नाही."

आम्ही आत आलो. त्यांनी शेवटचं म्हणून आबांच्या बरगडीखाली बोटं रोवली. "काका, घ्या श्वास." आबांनी श्वास घेतला. आत जाणारी हवा कुठेही अडखळली नाही. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. चादरीबाहेर आलेला त्यांचा डावा अंगठा आत वळला आणि वळलेलाच राहिला.

चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाने काहीही झालं तरी श्वासाला खंड पडू द्यायचा नाही एवढंच काम केलं, त्याच्या श्वासात मी खंड शोधत होते. दुखणं होतंच. पण ते छातीत येऊ द्यायचं नाही, पायात नेऊन ठेवायचं, ही त्यांची सवय होती. आणि ही सवय जगात एका माणसाला ठाऊक होती. मला.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. "हे मी कक्षाला लिहू? पेशंटचा अंगठा वळतो?"

"लिहा आणि सहा तास थांबा," मी म्हणाले. "नाहीतर दार लावा."

त्यांनी दार लावलं.

गादी मी आबांच्या पोटावरच ठेवली. छातीची फीत सोडली आणि माझ्या छातीभोवती बांधली. मग पायथ्याशी जाऊन उभी राहिले. गादी फुगायला लागली तसा मी श्वास ओढायला सुरुवात केली, नजर अंगठ्यावर. अंगठा वळला त्या क्षणी मी श्वास तोडला. अंक आला आठ पूर्णांक एक. थिएटरमधलं यंत्र सुरू झाल्याचा आवाज भिंतीपलीकडून आला. आबा सगळं बघत होते, पण ग्लानीत होते.

ऑपरेशन दोन तास चाललं. मुजावर मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये काळीनिळी पडलेली पिशवी होती, एका कडेला कागदासारखी पातळ झालेली. "अजून दोन-तीन तासांत फुटलीच असती," त्या म्हणाल्या. प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला, सडलेलं पित्ताशय. पाचव्या दिवशी आबा भाताची पेज पिऊन भाऊकाकांच्या तालमीतल्या चुका काढायला लागले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पट्टा शिकतो, हे सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर प्रयोगशाळेने जे सांगितलं ते त्याच्या अंकाशी ताडून बघितलं जातं. अंक बरोबर ठरला की ती नोंद राज्यातल्या सगळ्या पट्ट्यांना शिकवली जाते. सहाव्या दिवशी माझ्या पडद्यावर अभिनंदन आलं, 'अचूक मोजणी, नोंद शिकवणीत घेतली.' खाली बारीक अक्षरांत होतं, की याच पेशंटच्या आधीच्या चार मोजण्यांच्या वेळी सूज नव्हती असं समजावं. म्हणजे पट्टा चार वेळा चुकला, तेही त्याच्या शहाणपणात जमा झालं. मी आबांना वाचवलं आणि पट्ट्याला नवं काही शिकवलंच नाही. उलट, तू बरोबर आहेस असं माझ्याच श्वासाने त्याला सांगून बसले.

मी हे आबांना सांगितलं. वाटलं, पाठीवरून हात फिरवतील. ते भडकले.

"माज्या श्वासाच्या जागी तुजा लावलास?"

"मेला असतात तुम्ही!"

"ते खरं हाय. पर जल्मभर नाव भाऊच्या सनईचं झालं. त्येचं काय न्हाय, सूर धरनाऱ्याचं नाव कुनी घेत न्हाय. आता ह्ये एक दुखनं तेवढं माजं हुतं, त्येबी तुज्या श्वासावर खपलं." आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर माझ्याशी धड बोलेनातच. मला त्यांचा राग आला, आणि ते बरोबर आहेत याचा त्याहून जास्त आला.

बाराव्या दिवशी मुरलीधर पोतदार आले. सोनारकाम करणारे, सत्तरीचे, सोबत सून. परवापासून उजवीकडे दुखतंय, उलट्या होतायत. मी पट्टा बांधला. अंक आला दोन पूर्णांक नऊ. मी त्यांच्या गालांकडे बघितलं. आबांसारखेच सैल, खालून ओघळलेले.

"काका, दागिना सांधायचा डाग कशाने लावता?"

"आमच्या घरात अजून फुंकणीच हाय," ते म्हणाले. "तोंडानं फुंकत ऱ्हायाचं. जाळ तुटला की डाग गेला."

या वेळी मी आधी हात लावला. गोळा होता. मुजावर मॅडमना बोलावलं. त्यांनीही हात लावला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "दार लावू?"

इतकं सोपं होतं ते. दार लावायचं, फीत बांधायची, पोतदार वाचणार, माझी नोकरी राहणार. पुढचा आला की पुन्हा दार लावायचं. पण आमच्या तालुक्यात मी होते. दुसऱ्या तालुक्यात फुंकणी फुंकणारा, सूर धरणारा, कोण जाणे आणखी कोण, तीनचा अंक घेऊन घरी चालला असेल. आणि ते माझ्या त्या अचूक मोजणीच्या जोरावर.

"लावा," मी म्हणाले. माणूस आधी. पोतदारांचा अंगठा हलला नाही, मी घाबरले. मग दिसलं की त्यांची उजवी मूठ वळतेय. मी मुठीवर नजर ठेवून श्वास तोडला. अंक सात पूर्णांक सहा. त्यांना आत नेलं.

ते आत असतानाच मी पडद्यासमोर बसले आणि दुरुस्तीचा अर्ज उघडला. दोन्ही नोंदींपुढे लिहिलं, 'श्वास पेशंटचा नव्हता, माझा होता. पेशंटच्या श्वासाचा अंक तीनच्या आसपास. पित्ताशयाला सूज खरी. डॉक्टरांचा दोष नाही.' यंत्राने विचारलं, की खोटी नोंद केल्यास परवाना रद्द होतो, पुढे जायचं का. मी हो दाबलं. त्याने विचारलं, श्वास कुणाचा. मी माझं नाव आणि वय लिहिलं.

मिनिटभर चक्र फिरलं. मग पडद्यावर आलं:

'तनुजा सदाशिव गुरव, वय एकतीस. अंक आठ पूर्णांक एक. पित्ताशयाचा तीव्र दाह. शस्त्रक्रियेस मंजुरी. ताबडतोब दाखल व्हावे.'

भिंतीपलीकडच्या दुसऱ्या थिएटरात यंत्र सुरू झालं. माझ्यासाठी. सडलेल्या पिशवीच्या म्हाताऱ्यासाठी चार दिवस जे उघडलं नाही, ते माझ्या धडधाकट पोटासाठी एका मिनिटात उघडलं. मी हसले की रडले ते आठवत नाही, सिस्टर धावत आल्या एवढं आठवतं.

पोतदार वाचले. माझा परवाना त्याच संध्याकाळी गेला. पण आबांच्या नोंदीपुढे आता अंक तीन आणि सडलेलं पित्ताशय अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या होत्या. पट्ट्याला त्या जुळवता येईनात, म्हणून त्याने हे प्रकरण तपासायला माणसांकडे पाठवलं. महिन्याभराने पुण्याहून पडताळणी कक्षाचे डॉ. केळुसकर आले. सज्जन माणूस, हातात माझा अर्ज, चेहऱ्यावर शंका. 'अंगठा' या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारली होती.

ऑपरेशननंतर पोटात ठेवलेल्या नळीची आबांची जखम भरली होती, पण दाबली तर अजून दुखायची. दुखतंय हे ठाऊक असताना अंक किती येतो ते बघायला गादी तिथेच ठेवायची, आणि आबांनी सनईवर सूर धरायचा, असं ठरलं. मुजावर मॅडम म्हणाल्या, दोनच मिनिटं. आबांनी धोतर सारखं केलं आणि खुर्चीवर पाय सोडून बसले. महिनाभर माझ्यावर धरलेला राग त्यांनी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. "तनू," ते म्हणाले, "फीत बांध. माज्या छातीला."

मी बांधली. गाल भरले, सूर निघाला. वॉर्डातल्या खाटांवर लोक उठून बसले. गादी फुगली, जखमेवर रुतली, आणखी रुतली. मुजावर मॅडमनी डोळे मिटून घेतले. सुराला केसाएवढाही खंड पडला नाही.

केळुसकर साहेब पडद्यावर वाकून बसले होते. "एक पूर्णांक चार," ते म्हणाले. "काहीच नाही. यांना काही दुखत नाहीये."

माझ्याकडे परवाना नव्हता, त्या खोलीत बोलायचा अधिकारही नव्हता. मी पुढे झाले आणि त्या पडद्यावर माझा पदर टाकला.

"साहेब," मी म्हणाले, "आता तरी पायाकडे बघा."